स्लिंग बसवल्यानंतरच्या वर्षांत काय बघायचं

खोकताना, शिंकताना, पाण्याची बादली उचलताना लघवी निसटते म्हणून स्लिंग, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी, बसवून घेतलेल्या बायकांचे व्यायाम मी घेते. जखम भरली की बऱ्याचजणी तपासणीला जाणंच सोडतात. मैत्रिणींनो, तसं करू नका.

आधी दिलासा. स्वीडनच्या डॉक्टर उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडलेली टीव्हीटी (स्लिंगचा एक प्रकार) पट्टी बसवलेल्या बायकांना १७ वर्षांनी तपासलं, तेव्हा दहातल्या साधारण नऊजणींची खोकून घ्यायची चाचणी कोरडी होती.

पण ही पॉलिप्रोपिलीनची (एका प्लास्टिकची) जाळी कायम आत राहते. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपा. त्यावर टीव्हीटी की टीओटी (जांघेच्या बाजूने नेलेली स्लिंग) हे लिहिलेलं नसेल तर आजच लिहून घ्या. टीओटीत जांघेतलं दुखणं जास्त आढळतं.

संबंधाच्या वेळी दुखलं, नवऱ्याला टोचलं, अंगावरून रक्त किंवा घाण स्राव गेला, तर जाळी उघडी पडली असू शकते. हे बऱ्याच वर्षांनीही होतं. लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना तपासायला सांगा. धार बारीक झाली, लघवीला जोर लावावा लागला किंवा संसर्ग वरचेवर झाला, तरीही जा.

अचानक घाई होऊन संडासापर्यंत पोचता येत नसेल, तर ती तक्रार वेगळी. तिच्यावर औषधं आणि मूत्राशयाला लघवी थोपवायची सवय लावणं हा उपाय आहे. तीन दिवस पाणी किती प्यायलं, लघवी कधी झाली, कधी निसटली ते वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा.