श्रावणात दारू एकदम बंद करताना

श्रावण लागला की बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत बाटली बंद होते. अधूनमधून घेणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण ज्याला रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त लागते, सकाळी दोन घोट गेल्याशिवाय ज्याचा हात स्थिरावत नाही, तो आपल्या मनाने एका दिवसात थांबला तर जिवावर बेतू शकतं. दारू सोडायचीच, पण पहिले पाच दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून जागा राहायला शिकलेला असतो. दारू गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. आकडी बहुधा पहिल्या 48 तासांत येते. भ्रमाची वेळ त्यानंतरची, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची: अंथरुणावर किडे दिसतात, घरच्यांची ओळख पटत नाही, ताप चढतो.

थरथर नक्की आहे का हे बघायला हात समोर ताठ करायला लावा आणि बोटांवर वर्तमानपत्राचं एक पान ठेवा. पानाची कड फडफडते.

श्रावणाच्या आधीच डॉक्टरांकडे जा. सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. जाताना कागदावर लिहून न्या: काय पितो, किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, पूर्वी आकडी आली होती का, साखरेच्या किंवा इतर गोळ्या चालू आहेत का. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. देशीच्या पोटलीचा भरवसा नाही, तेव्हा पोटल्यांची संख्या सांगा. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे घरचे आकडा अर्धा करून सांगतात आणि तिथेच औषधाचा डोस चुकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, खरं सांगा.

अशक्तपणा आला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज चढवून घेऊ नका. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-1, म्हणजे थायामिन, आधीच कमी असतं. ग्लुकोज पचवायला उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळे भिरभिरतात, चाल अडखळते, माणूस गोंधळतो. म्हणून थायामिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.

डॉक्टर देतील त्या थरथर कमी करणाऱ्या गोळ्या घरच्यांनी सांभाळाव्यात आणि ठरल्या वेळी एकेक हातात द्याव्यात. पट्टी रुग्णाजवळ राहिली आणि वर दारू गेली, तर श्वास मंदावतो.

आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा, 108 लावा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा नको. भ्रम सुरू झाला तरी 108 च. खोलीत कोंडून कडी लावू नका.

आणखी एक कळकळीचं सांगणं. दारू सोडवायची गोळी म्हणून डायसल्फिरम भाजीत चोरून कालवणारी घरं आहेत. तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. त्याला ठाऊक नसताना तो प्यायला तर तोंड लाल होऊन उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांनीच सुरू करायची असते. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.