इन्सुलिन पंप रोज कसा सांभाळावा, आणि सेट बदलल्यावर काय तपासावं

इन्सुलिन पंप, म्हणजे दिवसभर नळीतून अंगात इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र, लावला की डायबेटीस आपोआप सांभाळला जातो, असं नव्याने पंप घेणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबून मी एकदा अतिदक्षता विभागात दोन दिवस काढले आहेत, म्हणून हे लिहायला बसले. मला वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १ डायबेटीस आहे. पंप लावून ११ वर्षं झाली. पंपाची नळी आणि तिच्या टोकाची, कातडीखाली बसणारी बारीक मऊ नळी (कॅन्युला) मिळून एक सेट होतो. दर तीन दिवसांनी एक, असे हजारावर सेट मी स्वतःच्या हाताने बसवले. बेसल (पंप तासातासाला थोडं थोडं देत राहतो ते इन्सुलिन) किती, जेवणातल्या किती कार्बला (कार्बोहायड्रेटला) एक युनिट, हे तुमचे डॉक्टर ठरवतील आणि त्यांनीच ठरवावं. मी सांगते आहे ती घरी, आपल्या हाताने करायची कामं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, म्हणजे नोवोरॅपिड, ह्युमालॉग वगैरे. जो पेनने लँटस किंवा ट्रेसिबा असं लांब चालणारं इन्सुलिन घेतो त्याच्या अंगात दिवसभराची शिदोरी असते. पंपवाल्याकडे ती नसते. नळी निसटली, कॅन्युला दुमडली, की तीन-चार तासांत अंगातलं इन्सुलिन संपत येतं आणि कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसताना रक्तात साचणारी आम्लं, वाढायला लागतात. पुढची सगळी काळजी एवढ्याचसाठी आहे.

१. रिझर्व्हायर भरणं

रिझर्व्हायर म्हणजे पंपातली इन्सुलिनची छोटी टाकी. इन्सुलिन फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवा. गार इन्सुलिन भरलं की ते कोमट होताना नळीत बुडबुडे धरतात, आणि जेवढा बुडबुडा तेवढं इन्सुलिन कमी. भरून झाल्यावर रिझर्व्हायर उभा धरून नखाने टिचक्या मारा आणि वर आलेली हवा बाटलीत परत ढकला.

दुकानातून बाटली घेताना लेबल वाचा. साध्या इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे अजून एका मिलीला ४० युनिटच्याही मिळतात. पंपाचा सगळा हिशोब १०० युनिटचा. चुकून ४०ची बाटली भरली तर पंप दहा युनिट म्हणेल आणि अंगात जातील चार. सिरिंजचंही तसंच: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. घरात दोन्ही ठेवू नका.

२. जागा निवडणं

बेंबीपासून चार बोटं सोडून पोट, मांडीची बाहेरची बाजू, कमरेखाली मागचा वरचा भाग. दर वेळी जुन्या जागेपासून निदान दोन बोटं लांब. एकाच सोयीच्या जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच जातो. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी लवकर रक्तात उतरतं, कधी उतरतच नाही. डोळ्यांना दिसत नसेल तर अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने चाचपून बघा, हाताला कळतं.

साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी कुठे येते ते आधी पाहावं. मी नाडीच्या रेषेवर सेट लावून दोनदा कॅन्युला वाया घालवली आहे. लग्नकार्याच्या दिवशी मी सरळ मांडीवर लावते.

३. सेट बसवणं

हात धुवा, स्पिरिटने जागा पुसा आणि ती पूर्ण वाळू द्या. ओल्या किंवा तेलकट कातडीवर पट्टी धरत नाही. नरकचतुर्दशीला तेल-उटण्यानंतर माझी पट्टी दुपारपर्यंत सुटायची. आता मी आदल्या दिवशी सकाळीच सेट बदलून घेते आणि त्या जागेला तेल लावत नाही.

नळी भरताना ती अंगाला जोडलेली नको. कधीच नको. नळी भरायला काही युनिट लागतात. ते अंगात गेले तर शुगर धोकादायक खाली जाईल. सुईच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत भरा, मग टोचा, सुई काढा, आणि कॅन्युला भरण्याचे युनिट द्या. ते सेटच्या खोक्यावर लिहिलेले असतात. माझ्या ६ मिमीच्या सेटला ०.३ लागतं.

४. सेट बदलल्यानंतरचे तास

खरी अडचण इथे आहे, आणि नेमकं इथलंच नीट कुणी सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वीची लक्ष्मीपूजनाची रात्र. सासरी होते. रिझर्व्हायर संपत आला होता म्हणून रात्री ११ वाजता सेट बदलला. शुगर १४२, छान झोपले. तीनला तहानेने जाग आली, शुगर २९०. फराळ जास्त झाला असेल म्हणून पंपातून दुरुस्तीचा बोलस, म्हणजे शुगर खाली आणायला एकदम द्यायचं जादा इन्सुलिन, दिला आणि पुन्हा झोपले. पंपाच्या पडद्यावर बोलस पूर्ण गेल्याचं दिसत होतं. साडेपाचला मळमळ, मग उलटी. सासूबाई डोक्याशी बसल्या. "अगं, फराळाचं तेलकट खाल्लंस, पित्त उसळलं असेल. आलं-लिंबू घे आणि पड जरा." मलाही ते पटलं. दर दिवाळीला घरात कुणाला तरी पित्त होतंच. मी आणखी एक बोलस दिला. नऊला शुगर मीटरवर ४६० आणि माझा श्वास धापा टाकल्यासारखा चाललेला. नवऱ्याने दवाखान्यात नेलं.

तिथे नर्सने पट्टी काढली. खालची कापसासारखी बाजू चिंब ओली होती आणि तिला इन्सुलिनचा वास येत होता. तो वास ओळखायला शिका. इन्सुलिनमध्ये टिकाऊपणासाठी क्रेसॉल किंवा फिनॉल असतं, त्यामुळे जुन्या दवाखान्यासारखा, जखमेच्या पट्टीसारखा वास येतो. कॅन्युला कोथिंबिरीच्या देठासारखी मधोमध दुमडलेली होती. रात्रभराचं सगळं इन्सुलिन कातडीच्या वर, पट्टीत मुरलं होतं. आणि पंपाने एकदाही आवाज केला नव्हता.

का नाही केला? पंपाला फक्त नळीतला दाब कळतो. इन्सुलिन कातडीखाली गेलं की पट्टीत मुरलं, ते त्याला कळत नाही. बाहेर गळती असेल तर दाब वाढतच नाही, म्हणून अलार्म कधीच होत नाही. नळी खरंच बंद झाली असेल तरी तासाला अर्ध्या युनिटचा बेसल असलेल्या माणसाला दाब तयार व्हायला काही तास जातात. सेन्सर जोडलेले स्वयंचलित पंपही कॅन्युला बघू शकत नाहीत. शुगर वाढली की ते त्याच दुमडलेल्या नळीतून आणखी इन्सुलिन ढकलतात.

म्हणून माझे नियम आता असे आहेत, आणि त्यात मी सूट घेत नाही.

सेट सकाळीच बदलायचा, नाश्त्याच्या आधी. नाश्त्याचा बोलस नव्या सेटमधून जातो आणि दोन तासांनी शुगर पाहिली की सेट चालतो आहे की नाही ते कळतं. झोपताना बदललात तर ही परीक्षा तुम्ही झोपेत देणार. रिझर्व्हायर रात्री संपणार असं दिसलं तर दुपारीच बदला. पन्नास युनिट वाया गेले तरी चालतील.

जुना सेट लगेच उपटू नका. नळी काढून तो दोन तास तसाच राहू द्या. नवा चालला नाही आणि लगेच दुसरा हाताशी नसला, तर जुन्याला परत जोडता येतं.

सेट बदलल्यानंतर दोन तासांनी किंवा एरवी कधीही कारण नसताना शुगर २५०च्या वर गेली, तर असं करा.

आधी हात साबणाने धुऊन बोट टोचून पाहा. आंबा कापलेल्या, जिलबी हाताळलेल्या बोटावर मीटर खोटा आकडा दाखवतो. आंब्याच्या दिवसांत हे माझ्या घरी दर आठवड्याला घडतं.

मग कीटोन पाहा. रक्तातल्या कीटोनचा मीटर घ्याच. लघवीच्या पट्टीवर काही तासांपूर्वीची परिस्थिती दिसते.

कीटोन ०.६च्या खाली असेल तर पंपातून दुरुस्तीचा एकच बोलस द्या आणि तासाने पुन्हा पाहा. शुगर खाली यायला लागली नसेल तर दुसरा बोलस पंपातून द्यायचा नाही. दुरुस्तीचे युनिट पेनने किंवा सिरिंजने टोचा आणि सेट बदला. "अजून एकदा देऊन बघू" म्हणत मी त्या रात्री सहा तास घालवले.

कीटोन ०.६ किंवा जास्त असेल तर पंपाला हात लावण्याआधी पेन. मग नवा सेट, भरपूर पाणी, आणि तासातासाला शुगर आणि कीटोन. १.५च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. ३च्या वर गेलं किंवा उलट्या सुरू असतील तर थेट दवाखाना, वेळ कुठलीही असो. पंपवाल्याला उलटी झाली तर आलं-लिंबू, ओवा, सोडा हे सगळं नंतर. आधी कीटोन. घरातल्या माणसांना हे एवढं तोंडपाठ करून घ्या, कारण त्या वेळी तुमचं स्वतःचं डोकं चालत नसतं. आता माझ्या सासूबाईच पहिला प्रश्न विचारतात, "कीटोन बघितलंस का गं?"

आणखी एक खबरदारी. पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाच्या हिशोबात नसतं. त्यानंतर पंप जे युनिट सुचवेल ते डोळे मिटून देऊ नका, नाहीतर दोन तासांनी शुगर धाडकन खाली येईल. स्वयंचलित मोड असेल तर मी तो चार तास बंद ठेवते. माझ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कॅन्युला वारंवार दुमडत असेल, विशेषतः बारीक अंगाच्या माणसांना आणि लहान मुलांना, तर स्टीलच्या सुईचा सेट मागा. तो थोडा टोचतो आणि दोन दिवसांनी बदलावा लागतो, पण दुमडत नाही. मी दुखेल म्हणून तीन वर्षं टाळला, हे चुकलंच माझं.

सेट महाग आहेत, म्हणून पुष्कळजण एकच सेट पाच-सहा दिवस ओढतात. परिस्थिती मला कळते, माझ्या घरीही असे महिने आले. तरी माझं मत पक्कं आहे: महिन्याला दहा सेट परवडत नसतील तर डॉक्टरांशी बोलून काही महिने पेनवर जा. चौथ्या-पाचव्या दिवशी जागा लाल होते, पू धरतो, इन्सुलिन नीट उतरत नाही, आणि दवाखान्याचं बिल सेटच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतं. पेनवर जाण्यात कमीपणा काही नाही.

५. जेवण

बोलस जेवणाआधी पंधरा मिनिटं. भात वाटीने मोजा. पुरणपोळीवर तूप, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, अशा जेवणात शुगर दोनदा चढते, एकदा लगेच आणि एकदा तीन-चार तासांनी. त्यासाठी बोलस दोन हप्त्यांत देण्याची सोय पंपात असते, ती डॉक्टरांकडून शिकून घ्या. आधीच्या बोलसचं इन्सुलिन अंगात शिल्लक असताना घाईने दुसरं देऊ नका.

शुगर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. लाडू-पेढा नको, त्यातल्या तुपाने साखर रक्तात उशिरा पोहोचते.

६. अंघोळ, व्यायाम

पंप काढून ठेवायचा तर जास्तीत जास्त तासभर. एमआरआयच्या खोलीत पंप न्यायचा नाही, विमानतळावरच्या क्ष-किरण मशिनमधून घालायचा नाही.

७. उन्हाळा

विदर्भातल्या मे महिन्यात हे स्वतंत्र काम होऊन बसतं. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापू द्यायचं नाही आणि बाहेर सावलीतच ४४ असतं. त्या दिवसांत मी रिझर्व्हायरमध्ये दोन दिवसांपुरतंच भरते, पंप कपड्यांच्या आत ठेवते आणि नळीचा लोंबता भागही आत खोचते. स्कूटरच्या डिकीत इन्सुलिन कधीच नाही. वीज गेली आणि फ्रिज बंद पडला तर डबा घट्ट बंद करून मडक्यात ठेवते, मडकं ओल्या वाळूत. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. घामाने पट्टी सुटते, म्हणून वरून आणखी एक चिकटपट्टी लावते.

८. पिशवी

माझ्या पर्समध्ये एक जास्तीचा सेट, रिझर्व्हायर, झटपट इन्सुलिनचं पेन आणि सुया, मीटर, कीटोन पट्ट्या, पंपाची बॅटरी आणि ग्लुकोजची पुडी असते. घरच्या फ्रिजमध्ये लांब चालणाऱ्या इन्सुलिनचं एक पेन, पंप बंद पडला तर. ते किती घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं आहे.

पंपातले सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवा: तासातासाचा बेसल, कार्बचं प्रमाण, दुरुस्तीचं प्रमाण. पंप बिघडला की आकडे त्याच्यातच अडकून पडतात. माझा कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, वर तारीख आहे, आणि डॉक्टरांनी बेसल बदलला की त्याच दिवशी तो कागद बदलतो. त्याचा एक फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही आहे.