मशाल किती वेळ जळली ते लिहून ठेवा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळते आहे. माल आला की इनवर्डला नोंद, गेला की इश्यू स्लिप, आणि महिनाअखेरीला स्टॉक जुळलाच पाहिजे. म्हणूनच, भाच्याने 1981 सालच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या, कल्पनेतल्या भुयारात उतरायच्या खेळाचे नियम माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "आत्या, हे वजनाचं आणि मशालीचं सोडून देऊ, फार कटकट आहे," तेव्हा मी नेमकं तेच पान आधी उघडलं. आता चार वर्षं झाली, एका रविवाराआड इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये डाव बसतो. ज्यांना घरी हा खेळ मांडायचा आहे त्यांना एवढंच सांगते, की ती कटकट काढून टाकू नका. सगळी मजा तिच्यात आहे.

खेळ मूळचा अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये आणला. एक जण डन्जन मास्टर होतो, म्हणजे भुयाराचा नकाशा, राक्षस, सापळे सगळं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या भुयारात उतरतात. पुढे 1977 ते 1979 या काळात 'ॲडव्हान्स्ड' नावाने तीन जाड पुस्तकं आली. त्यात कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालतं याचाही तक्ता आहे. मला तो तक्ता फार आवडतो, पण सुरुवात त्याने करू नका. 1981 ची बेसिक आवृत्ती घ्या. ती मिळाली नाही तर 'बेसिक फँटसी' त्याच वळणाचा आहे, आकडे थोडे इकडेतिकडे, आणि तो फुकट डाउनलोड करता येतो.

फाशांचा संच ऑनलाइन मिळतो. त्याखेरीज चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, आणि एक लांब रजिस्टर. मी मेनरोडवरून आणते, आडव्या ओळींचं, कापडी पुठ्ठ्याचं. फासे टाकायला भांडी बाजारातून एक छोटी पितळी ताटली आणली आहे. फासा तिच्यात पडला की आवाज सगळ्यांना ऐकू जातो, आणि त्या आवाजाने खोली गप्प होते.

पात्र बनवताना सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, सहा वेळा, आणि आकडे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने लिहायचे. ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा, छाप. अदलाबदल करायची नाही. तीन फासे 216 प्रकारे पडू शकतात आणि त्यात 18 एकदाच येतो. वहिनींना ताकद 16 आली आणि बुद्धी 6. त्यांना जादूगार व्हायचं होतं, झाल्या योद्धा. दोन रविवार त्या नाराज होत्या. आता त्या पात्राबद्दल त्या अशा बोलतात, जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारी मुलगी आहे. आवडीनिवडीने जुळवलेल्या पात्राला असा जीव येताना मी पाहिलेला नाही.

आता रजिस्टर. पानाच्या डावीकडे 'मशाल 1', 'मशाल 2' असं खाली खाली लिहा आणि प्रत्येकीपुढे सहा रकाने आखा. एक रकाना म्हणजे खेळातली दहा मिनिटं. खोली धुंडाळली, दार फोडलं, भिंत ठोकून पाहिली, की रकान्यावर फुली. सहा फुल्या झाल्या की मशाल विझली. कंदील घेतला तर तेलाची एक कुपी 24 रकाने पुरते, पण कंदील महाग असतो. प्रत्येक दुसऱ्या फुलीला ताटलीत एक फासा टाका. 1 पडला तर भुयारात फिरणारं काहीतरी यांच्या वाटेवर आलं. आणि दर सहा रकान्यांतला एक विश्रांतीचा. बस, घड्याळ एवढंच. मीही सुरुवातीला भाच्याचं ऐकून तीन रविवार हे सोडलं होतं. तेव्हा माणसं प्रत्येक खोलीत दहा वेळा शोधाशोध करायची, कारण वेळ फुकट होता. आणि वेळ फुकट असला की भीती वाटत नाही.

वजन नाण्यांत मोजतात. दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एक नाणं सुमारे 45 ग्रॅमचं. आपलं दहा रुपयांचं नाणं 8 ग्रॅमच्या आत असतं, त्यावरून ते सोनं हातात किती जड लागत असेल ते बघा. अंगावर 600 ते 800 नाण्यांचं वजन असेल तर दहा मिनिटांत 60 फूट चालता येतं. 800 च्या वर गेलं की 30. सगळी टोळी सर्वांत हळू माणसाच्या चालीने चालते.

गेल्या पावसाळ्यातला एक डाव सांगते. तिघांना एका पेटीत 800 सोन्याची नाणी सापडली. या नियमांत सोनं भुयाराबाहेर आणलं तरच अनुभवाचे गुण मिळतात, एका नाण्याला एक. भाच्याचा चोर 950 गुणांवर होता आणि त्याला पुढच्या पातळीसाठी 1200 लागत होते. तिघांत वाटणी होऊन त्याचं काम होणार होतं. वहिनी म्हणाल्या, "सगळं मी उचलते, माझी ताकद 16 आहे." मी काही बोलले नाही, रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. शेवटची मशाल, एक फुली झालेली, पाच रकाने शिल्लक. परतीची वाट त्यांच्याच नकाशावर 24 घरं, म्हणजे 240 फूट. वहिनींच्या अंगावर साखळी चिलखत 400, ढाल 100, तलवार 60, किरकोळ सामान 80, मिळून 640. त्यात 800 घातले की चाल 30 वर येणार, आठ रकाने चालायला, वर विश्रांतीचा एक. चार रकाने मिट्ट अंधारात.

शेजारचे काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत आणि पुजाऱ्याचं पात्र खेळतात. ते म्हणाले, "थांबा हो वहिनी," आणि पेन्सिल घेतली. वहिनींना 800 पर्यंत जायला 160 ची जागा. काका 610 वर, म्हणजे 190. चोराच्या अंगावर कातडी चिलखत, एकूण 340, म्हणजे 460 ची जागा. बेरीज 810. नाणी 800. मग चाल 60 च राहिली. चालायला चार रकाने, विश्रांतीला एक, आणि मशालीत होते नेमके पाच. मी ताटलीत फासा टाकत गेले, 3 पडला, मग 5, 1 काही आला नाही. दारापाशी मशाल विझली तेव्हा भाचा सोफ्यावरून उठून उभा राहिला होता. तिथे एकही राक्षस नव्हता.

राक्षस आला तरी लगेच तलवार काढायला लावू नका. आधी दोन फासे टाका, समोरच्याचा मूड काय ते बघायला. 2 आला तर थेट हल्ला, 12 आला तर तो दोस्तीच करतो, आणि मधल्या आकड्यांवर बोलायला वाव असतो. लढाई लागली तर हिमतीचा आकडा तपासा: त्यांचा पहिला माणूस पडल्यावर एकदा, निम्मे पडल्यावर पुन्हा. गॉब्लिन या खुज्या राक्षसाची हिंमत 7, दोन फाशांवर त्याहून जास्त आलं की पळाले. हाडांच्या सापळ्याची 12, तो पळत नाहीच. एवढ्या एका आकड्याने कोण कसा आहे ते कळतं.

नकाशा काढायच्या आधी एकदा पांडवलेणीवर जाऊन या. दोनेकशे पायऱ्या चढून वर, 3 क्रमांकाच्या लेण्यातल्या एखाद्या आतल्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहा. दगडात कोरलेला ओटा, पाण्याची टाकी, बुटकं दार. अंधारात हात आधी कुठे जातो ते लक्षात ठेवा आणि घरी येऊन चौकटीच्या वहीवर आपलं वेगळं भुयार काढा. खऱ्या लेण्यात मात्र मी राक्षस बसवत नाही. ती जागा भिक्षूंची होती. पहिल्या नकाशाला दहा-बारा खोल्या पुष्कळ झाल्या, त्यातल्या तीन-चार रिकाम्या ठेवा.

रजिस्टर पहिले काही डाव तुम्हीच लिहा, मग खेळाडूंकडे द्या. आमच्याकडे ते आता वहिनींकडे असतं. मागच्या रविवारी भाचा म्हणाला, "आई, त्या कोपऱ्यातही एकदा बघू ना." त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दोनच रकाने आहेत रे. आधी जिना सापडू दे."