'राजीनामे' हा शब्द मला वाचता आला असता तर

१८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. दिवाळीला नऊ दिवस होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या मशीन शॉपमध्ये मी सहा वर्षे आठ महिने तपासणीचे काम केले, तिथे पहिली पाळी सुटायला अर्धा तास असताना मला वर ऑफिसात बोलावले. वाहन उद्योगातल्या मंदीमुळे त्या वर्षी कास्टिंगच्या म्हणजे ओतीव भागांच्या ऑर्डरी उन्हाळ्यापासूनच आटत चालल्या होत्या, ओव्हरटाइम बंद झाला होता आणि आठवड्यातून दोन दिवस यंत्रे उभी असत, त्यामुळे बोलावणे कशासाठी आहे हे जिना चढतानाच उमगले होते. तरीही आत गेल्यावर डोके बधिर झाले. तुमचेही होईल, कारण घरभाडे, मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ता हे सगळे त्या एका क्षणात डोळ्यांपुढे येते. म्हणून त्या खोलीत कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हे आजच ठरवून ठेवा.

साहेब मऊ आवाजात बोलले. "तात्पुरता ले-ऑफ आहे, जानेवारीत काम वाढले की पहिले बोलावणे तुम्हालाच," असे म्हणून त्यांनी कन्नडमधला टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. मी शहापुरात वाढलो. कन्नड मला सहज बोलता येते. परंतु शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे कन्नड मजकूर आजही मी एकेक अक्षर जुळवत वाचतो. 'जरा वाचून दाखवा' असे म्हणायची मला लाज वाटली आणि मी सही केली. त्या कागदाच्या माथ्यावर 'राजीनामे', म्हणजे राजीनामा, असे लिहिले होते, आणि तिसऱ्या ओळीत 'स्वइच्छेयिंद', म्हणजे स्वखुशीने, असा शब्द होता. कुणी मोठ्याने वाचले असते तर हे दोन्ही शब्द मला क्षणात कळले असते.

हा मुद्दा मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण माझे सगळे नुकसान इथेच झाले. आपण कारखान्यात 'ले-ऑफ' हा शब्द नोकरी गेली या अर्थाने सर्रास वापरतो, पण कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. ले-ऑफ म्हणजे काम नसल्यामुळे कामगाराला काही काळ बसवून ठेवणे. त्यात नोकरी कायम राहते आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात पात्र कामगाराला त्या दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता यांचा निम्मा भाग मिळतो. कायमचे कमी करणे म्हणजे छाटणी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागे. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे माझी सात वर्षे झाली. महिन्याचा पगार २०,८०० रुपये. पंधरा दिवसांचे १०,४०० धरले तर सात वर्षांचे ७२,८०० आणि नोटिशीचे २०,८००, असे एकूण ९३,६०० रुपये. स्वखुशीने राजीनामा देणाऱ्याला यातला एक रुपयाही मागता येत नाही. तोंडी ले-ऑफ, प्रत्यक्षात छाटणी आणि कागदावर राजीनामा, असा तो प्रकार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतही नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई कायम आहे, आणि थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असे बंधन आहे. मात्र राजीनाम्यावर सही असेल, तर छाटणीची भरपाई तुमच्या हातून आजही जाईल.

म्हणून कागद कोणत्याही भाषेतला असो, 'घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो' एवढेच म्हणा. पोच म्हणून सही मागितली तर सहीखाली तारीख घालून 'फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असे आपल्या हाताने मराठीत लिहा. त्याच दिवशी आमच्या स्टोअरमधल्या दुसऱ्या एकाने अगदी हेच केले. तो कागद घेऊन खाली आला आणि गेटजवळच्या टपरीवर आमच्या कन्नड अण्णांकडून त्याने ओळ न् ओळ वाचून घेतली. अण्णा त्याला म्हणाले, "तम्मा, ह्यात तू नोकरी सोडतोस असं लिहिलंय, त्यांनी काढलं असं कुठंच नाही." त्याने सही केली नाही आणि तीन आठवड्यांनी त्याला छाटणीचे पत्र आणि भरपाई दोन्ही मिळाले. मी मात्र तोवर जानेवारीची वाट पाहत होतो. दबावाखाली किंवा न समजता सही झालीच असेल, तर गप्प बसू नका. दुसऱ्याच दिवशी तसे लेखी कळवा, स्पीड पोस्टाची पावती जपा आणि ते पत्र घेऊन कामगार खात्याच्या कार्यालयात जा. अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारा माणूस सोबत असला तर काम लवकर पुढे सरकते.

इतके सांगून घाबरवल्यावर हेही सांगायला हवे की सगळे बुडत नाही. पाच वर्षे झाली असतील तर राजीनामा देऊनही ग्रॅच्युइटी मिळते. माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये होता. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की १०,५०० येतात, त्याचे सात वर्षांचे ७३,५०० रुपये मला मिळाले, आणि त्यावरच आमचा पुढचा उन्हाळा निघाला. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, कार्डही लगेच निरुपयोगी होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. माझ्या आईची औषधे त्यावरच आली. पीएफ मात्र काढू नका. 'लगेच काढून देतो' म्हणणारे एजंट ऑनलाइन अर्ज भरण्याचे पैसे घेतात आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा तुटते ती तुमची. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली नाही, तर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते.

सल्ला कुणाचा घ्यावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्याची स्वतःची नोकरी कधी गेली नाही, त्याचे त्या आठवड्यात ऐकू नका. मला 'साहेबांना दुखवू नकोस, ते तुला दुसरीकडे चिकटवतील' असे सांगणारे माझे गुरूच होते. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचे हत्यार, धरायला त्यांनीच शिकवले आणि त्याचे ऋण मी मानतो, पण त्या सल्ल्याने माझे सहा महिने गेले.

लॉकरमधल्या स्वतःच्या हत्यारांचेही बघा. माझा मायक्रोमीटर मी २०१५ साली स्वतःच्या पैशाने घेतला होता. गेटवर वॉचमनने तो कंपनीचा समजून अडवला. पाकिटात खरेदीची पावती होती, म्हणून तो बाहेर निघाला. लाकडी पेटीतला तो मायक्रोमीटर घेऊन मी तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत चालत आलो आणि फाटक उघडे असूनही बराच वेळ तिथेच उभा राहिलो. घरी सांगायचे धाडस मला रविवारपर्यंत झाले नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी सांगा. बायकोने माझ्याकडून सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "कागदावर काय लिहिलं होतं?"

आता मी कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मुलाखतीत त्यांनी मला एक बुश दिला आणि माप घ्यायला सांगितले. तो मायक्रोमीटर मी सोबत नेला होता.