दोन पाय दुखतात, म्हणजे नेमके किती?

स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, माझा पहिला महिना. दिवसभर किल्ल्याची टेकडी, मग विद्यापीठाच्या चकरा, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत कोसळले. घरमालकीणबाई कांदा चिरत होत्या. मी ऐटीत स्लोव्हेनमध्ये म्हटलं, "नोगी मे बोलिता." पाय दुखतायत. पाय दोन, म्हणून द्विवचन. बाईंनी सुरी थांबवली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दोनच? बाकीचे बरे आहेत ना?"

स्लोव्हेन भाषा आणि इतिहास शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. सहा विभक्त्या, तीन लिंगं, तीन वचनं हे तुम्हाला ठाऊक असेलच, ते उगाळत नाही. मी जिथे तोंडावर आपटले तेवढं मात्र सविस्तर सांगते.

दहावीला संस्कृतमध्ये मला ९८ होते. स्लोव्हेनमध्ये द्विवचन जिवंत आहे असं वाचलं आणि वाटलं, हे तर आपल्या घरचंच! द्वौ आणि द्वा, भ्राता आणि ब्रात, नभस् आणि नेबो. स्नुषा म्हणजे इथे स्नाहा आणि आपल्याकडे सून. अशा याद्या करण्यात मी तीन आठवडे घालवले. मजा येते, पण बोलता काही येत नाही.

घोटाळा असा. संस्कृतात जे मुळातच जोडीनं असतं, ते द्विवचनात: पादौ, नेत्रे, पितरौ. स्लोव्हेनमध्ये नेमकं तिथेच साधं अनेकवचन. पाय नोगे, डोळे ओची, आईवडील स्तार्शी. पाय दोनच असतात हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, ते वेगळं कशाला सांगायचं? म्हणून "नोगे मे बोलियो". दोनावर जोर द्यायचा असेल, एक नाही तर दोन्ही दुखतायत असं सांगायचं असेल, तर 'ओबे' म्हणजे 'दोन्ही' हा शब्द लावायचा आणि मग द्विवचन आणायचं: "ओबे नोगी मे बोलिता". दोन भाऊ, दोन मैत्रिणी, दोन तिकिटं यांना मात्र द्विवचन हवंच, तिथे अनेकवचन वापरलंत तर कान टवकारले जातात. थोडक्यात, जोडी निसर्गानं दिलेली असेल तर द्विवचन नको, योगायोगानं दोन जमले असतील तर हवं. मी बरोबर उलटं धरून बसले होते, आणि जितकी जास्त हुशारी दाखवली तितकी जास्त चुकले.

संस्कृतपेक्षा मराठीनं मला जास्त तारलं. आपल्याकडे द्विवचन गेलं, पण 'दोघे' आणि 'दोघी' राहिले. 'आम्ही दोघे' म्हणजे मिद्वा, 'आम्ही दोघी' म्हणजे मिद्वे. मी आणि माझी खोलीसोबतीण निघालो की "मिद्वे ग्रेवा". आकड्यांतही तसंच. पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर; इथे पेतइनद्वायसेत, पाच-आणि-वीस. वर्गातले बाकीचे फोन नंबर लिहिताना आकडे उलटे टाकायचे, माझे कधी उलटले नाहीत. (एकोणतीसची सवय मात्र सोडा, इथे सरळ नऊ-आणि-वीस.) उच्चारांतही फायदा आहे. रोमन लिपीतला साधा सी म्हणजे आपला 'चाक'मधला च, डोक्यावर छोटी टोपी आली की 'चहा'मधला. इंग्रजीवाल्यांना हा फरक ऐकायलाच महिना लागतो. तेव्हा घाबरू नका.

आता इतिहास. मी जाडजूड ग्रंथ आणून रडत बसले होते. शेवटी घरमालकीणबाईंनी पर्स उघडून टेबलावर सुटे पैसे ओतले. स्लोव्हेनियानं २००७ मध्ये युरो घेतला तेव्हा आपला इतिहास नाण्यांवर कोरला. दोन सेंटवर 'राजाचा दगड'. हा एका रोमन खांबाचा उलटा तळ. करिंथिया या आता बहुतांशी ऑस्ट्रियात असलेल्या प्रांताच्या नव्या राज्यकर्त्याला, म्हणजे ड्यूकला, एक शेतकरी स्लोव्हेनमध्ये प्रश्न विचारायचा आणि मगच त्याला मान्यता द्यायचा. या दगडाशी हा विधी शेवटचा झाला तो १४१४ मध्ये. दगड आज ऑस्ट्रियात, क्लागेनफुर्टला आहे, त्यामुळे नाणं निघालं तेव्हा तिकडे नाकं मुरडली गेली. एक युरोवर प्रिमोझ त्रुबार. १५५० मध्ये त्यानं छापलेली प्रश्नोत्तरी आणि अंकलिपी ही स्लोव्हेनमधली पहिली छापील पुस्तकं, तीही जर्मनीत ट्युबिंगनला, कारण हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक घरातून परागंदा झालेला. १५८४ मध्ये युरी दाल्मातिनचं संपूर्ण बायबल आणि आदाम बोहोरिचचं व्याकरण, दोन्ही एकाच वर्षी. पुढे प्रोटेस्टंट पुस्तकं जाळली गेली, दाल्मातिनचं बायबल मात्र कॅथलिक पाद्र्यांनाच वापरायची मुभा मिळाली, कारण दुसरं होतंच कुठे! दोन युरोवर कवी फ्रान्त्से प्रेशेरेन. ८ फेब्रुवारी, त्याची पुण्यतिथी, इथे सार्वजनिक सुट्टी असते. कवीच्या पुण्यतिथीला बँका बंद, हे मला अजून पचलेलं नाही.

नाण्यावर जे नाही तेही वाचा. १३ जुलै १९२० ला इटलीतल्या त्रिएस्ते शहरातलं स्लोव्हेनांचं नारोदनी दोम, म्हणजे त्यांचं लोकसभागृह, इटालियन फॅसिस्टांनी पेटवलं. १९२३ नंतर इटलीच्या ताब्यातल्या भागात शाळांमधून ही भाषा हद्दपार होत गेली. आजी-आजोबांच्या गप्पांत हे अजून निघतं.

म्हणूनच एक शॉर्टकट अजिबात घेऊ नका: "आधी सर्बो-क्रोएशियन शिक, सगळं सारखंच आहे." त्या भाषेत जिवंत द्विवचन नाही, हे एक. दुसरं असं की स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियात होता तेव्हा, १९८८ मध्ये, ल्युब्ल्यानातच युगोस्लाव्ह लष्करी न्यायालयानं चौघांवर खटला चालवला तो सर्बो-क्रोएशियनमध्ये, आणि लोक रस्त्यावर आले. तीन वर्षांनी, २५ जून १९९१ ला, स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. भाषा हे एकमेव कारण नव्हतं, पण माझ्या बाईंना तो खटला कालच्यासारखा आठवतो. त्यांच्याशी सर्बियन झाडायला गेलात तर कॉफी मिळेल, गप्पा मिळणार नाहीत.

मार्गदर्शकांबद्दल थोडं तिखट बोलते. "इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, कशाला डोकेफोड?" असं सांगणारा सीनिअर भेटला तर नमस्कार करा आणि पुढे व्हा. मी त्याचं ऐकलं आणि पाच महिने गेले. तो म्हणतो ते खरंच आहे, तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, आणि तीच अडचण. मी "हळू बोला, पण स्लोव्हेनमध्येच बोला" हे एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. भाजीबाजारातल्या आज्या सगळ्यात उत्तम, त्या इंग्रजीवर येतच नाहीत. आणि ल्युब्ल्यानातलं बोलणं पुस्तकासारखं नसतं: 'काय'ला 'काय'च आहे पुस्तकात (हो, योगायोगानं तोच शब्द!), रस्त्यावर मात्र 'क्वा'. साबण पुस्तकात मिलो, घरात जर्मनमधून आलेला झाय्फा. पहिल्या वर्षी निराश व्हाल. सगळेच होतात.

चार वर्षं झाली. कॉफी मागवताना एक कावो, दोन कावी, तीन आणि चार कावे, आणि पाचपासून एकदम षष्ठीचं अनेकवचन, काव, तेही कानाला 'काऊ' असं ऐकू येणारं. आम्ही पाचजण असलो की मी अजूनही आधी तीन कॉफी सांगते, आणि वेटर वळला की म्हणते, अजून दोन.