उत्क्रांतीच्या पद्धतीने खेळाचे नकाशे कसे घडवावेत

ज्वारी खळ्यावर आली की आमच्या वऱ्हाडातला जाणता शेतकरी भरदार कणसे बियाण्यासाठी आधीच बाजूला काढतो. निवड, संकर आणि अधूनमधून होणारा लहानसा बदल यांवर उभी असलेली, अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने मांडलेली जनुकीय पद्धत व्हिडिओ गेमच्या नकाशांनाही लागू पडते.

समजा, खेळाडूने बंडी घरून वावरात न्यायची आहे. १६ × १२ घरांचा, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांचा, नकाशा घ्यावा; बंडी एका कोपऱ्यात आणि वावर समोरच्या कोपऱ्यात ठेवावे. मोकळ्या जागेसाठी ० आणि काटेरी कुंपणासाठी १ लिहावा. असे ६० नकाशे नाणेफेकीसारखे भरले की पहिली पिढी तयार होते.

खरे काम गुण देण्याचे आहे आणि निम्म्याहून अधिक वेळ तिथेच घालवावा, असे माझे मत आहे. तिरपी चाल नसेल तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला किमान २६ पावले लागतात. सुरुवातीला मी ‘वाट जितकी लांब तितके गुण जास्त’ असा नियम ठेवला होता. त्यातून एकही फाटा नसलेली नागमोडी पांदण मिळाली, जिच्यात खेळाडूला ठरवण्यासारखे काहीच उरले नव्हते. म्हणून सर्वांत जवळची वाट ४० पावलांच्या आसपास असावी आणि तिला किमान ३ फाटे असावेत, असे दोन्ही निकष धरावेत. वाटच नसलेल्या नकाशाला सरसकट शून्य देऊ नये. बंडी वावराच्या किती जवळ पोहोचते त्यावर थोडे गुण द्यावेत. पहिल्या पिढीतले बहुतेक नकाशे असेच अडलेले असतात आणि सगळ्यांना शून्य मिळाले तर निवड कशावरून करायची?

पालक निवडताना कोणतेही ३ नकाशे उचलून त्यांतला सरस घ्यावा. संकर करताना नकाशाच्या ओळी एकापुढे एक जोडून झालेली आकड्यांची सलग रांग मधोमध कापू नये, कारण वर-खाली शेजारी असलेली घरे रांगेत १६ जागा दूर जातात आणि जमलेली वाट तुटते. त्याऐवजी एका पालकाचा आयताकृती तुकडा दुसऱ्यात बसवावा. त्यानंतर शेकडा १ घर, म्हणजे १९२ पैकी साधारण २ घरे, उलटवावीत. सर्वोत्तम २ नकाशे मात्र पुढच्या पिढीत जसेच्या तसे न्यावेत.

खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर १० पिढ्यांनी सगळे नकाशे फाइलमध्ये जतन करावेत. सलग ३० पिढ्या गुण वाढले नाहीत की थांबावे, वरचे ५ नकाशे गावातल्या मुलांना खेळायला द्यावेत आणि ती कुठे कंटाळतात ते पाहून निकषांचे वजन बदलावे.