कट मारून गेलेल्या गाडीची तक्रार कशी करावी: बेळगाव भागातल्या सायकलवाल्यांसाठी

मागून लांबलचक हॉर्न, मग हँडलला चाटून गेलेला आरसा, आणि पुढे जाताच डावीकडे दाबलेली गाडी. बेळगावात याला 'कट मारला' म्हणतात, आणि बहुतेक वेळा एक शिवी हासडून विषय तिथेच संपतो. तो संपवायचा नसेल तर पहिल्या दहा सेकंदांत आणि नंतरच्या दोन दिवसांत काय करायचे, ते इथे दिले आहे. 'व्हिडिओ व्हायरल करा, सगळ्यांना टॅग करा' हा सल्ला बाजूला ठेवा. व्हिडिओ चार दिवसांत खाली जातो. ठाण्यातला शिक्का मारलेला कागद टिकतो.

सायकलचे ब्रेक, हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा हे सगळे आहेच असे धरून चालतो. मागचा दिवा दिवसाही लुकलुकत ठेवा. ठाण्यात गेल्यावर 'लाइट होता का?' हा प्रश्न सुरुवातीलाच येतो.

रस्त्यावरची जागा

अगदी कडेने चालवू नका. कडेला माती, खडी आणि गटाराची झाकणे असतात, आणि तुम्ही जितके कडेला सरकाल तितकी मागच्याला 'बसते, जाऊ दे' अशी खात्री वाटते. डांबराच्या कडेपासून साधारण तीन फूट आत राहा. कपिलेश्वर पूल किंवा गोगटे सर्कलच्या पुलासारख्या चढावर सायकल हळू होते आणि हलते. तिथे कठड्याला चिकटून जाण्यापेक्षा लेनच्या मध्यावर या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. पूल उतरलात की बाजूला व्हा.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून लगेच सैल होऊ नका. ट्रॅक्टर वळताना दुसरी ट्रॉली आतून कापत येते. दोन्ही ट्रॉल्या पूर्ण पुढे जाईपर्यंत डावीकडे जागा राखून थांबा.

कॅमेरा

एकच कॅमेरा घेणार असाल तर पुढे बसवा. गाडी पुढे गेली की तिची मागची पाटी आणि डावीकडे दाबणे, दोन्ही त्यात येते. अडचण फक्त ऊस ट्रॅक्टरची. ट्रॉलीची मागची पाटी लोंबणाऱ्या उसाने झाकलेली असते आणि ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीआड जातो. चिकोडी, निपाणी, अथणीकडे रोजचे जाणे-येणे असेल तर मागचाही कॅमेरा हवा.

सेटिंग १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम. ३० फ्रेमवर खड्ड्याच्या धक्क्यात पाटीवरचे आकडे फाटतात. लेन्स जितकी रुंद, तितकी गाडी व्हिडिओत लांब दिसते. प्रत्यक्षात हातभरावरून गेलेला टेम्पो त्यात दोन हातांवर वाटतो. म्हणून सगळ्यात रुंद सेटिंग टाळा, आणि हँडलचे एक टोक फ्रेममध्ये दिसेल असा कॅमेरा बसवा. हँडलची लांबी घरी टेपने मोजून लिहून ठेवा. अंतर सांगताना तोच एक माप दाखवणारा पुरावा असतो. जून ते सप्टेंबर लेन्सवरचा एक थेंब अख्खी पाटी खातो, तेव्हा खिशात कोरडे फडके ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली की स्वस्त कॅमेऱ्याची तारीख मूळ जागी जाते. दर आठवड्याला घड्याळ मोबाइलशी जुळवा, नाहीतर व्हिडिओवर भलतेच साल छापून येते आणि समोरच्या वकिलाला आयते सापडते.

कट बसला की नंबर मोठ्याने बोला. आवाजही रेकॉर्ड होतो, आणि रात्री पाटी उजेडात पांढरी फटक आली तरी आवाज राहतो. मात्र एकेक अंक सुटा बोला: 'के ए दोन दोन', पुढची अक्षरे, मग 'पाच तीन सात एक'. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर हे धाप लागल्यावर सारखेच ऐकू येतात.

मग थांबा. पाठलाग नको, पुढच्या सिग्नलवर काच ठोकणे नको. हे कळकळीने सांगतो आहे. गाडीपुढे आडवी सायकल घातलीत की तुमची तक्रार 'दोघांची बाचाबाची' होते, आणि ड्रायव्हरची उलट तक्रार तुमच्या आधी ठाण्यात पोचलेली असू शकते. बाजूला उभे राहून वेळ, समोरचे दुकान किंवा किलोमीटरचा दगड, आणि बघणाऱ्या माणसाचा फोन नंबर टिपून घ्या. कॅमेऱ्यातली फाइल लॉक करा, नाहीतर कार्ड भरल्यावर तीच पुसली जाते. ड्रायव्हर प्यायलेला वाटत असेल, धमकावत असेल किंवा कोणाला लागले असेल, तर ११२.

साधे खरचटले तरी त्याच दिवशी बिम्स (बेळगावचे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या दवाखान्यात जा आणि 'एमएलसी करा', म्हणजे पोलीस केस म्हणून इजेची नोंद करा, असे स्पष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघा त्या गाडीमुळे सुजला, हे नंतर कोणी मानत नाही.

कोणत्या ठाण्यात

गाडीच्या पाटीवरून ठाणे ठरत नाही, जागेवरून ठरते. केए २२ बेळगावची, केए २३ चिकोडीची, एमएच ०९ कोल्हापूरची, जीए गोव्याची. पण कोल्हापूरच्या गाडीने हिंडलग्यात कट मारला तर तक्रार बेळगावातच. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडून शिनोळीत प्रकार घडला तर ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र पोलिसांकडे. बेळगाव शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, खानापूर, निपाणी, चिकोडी हे जिल्हा पोलिसांकडे. 'हे आमच्या हद्दीत नाही' असे सांगून परत पाठवले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवा: दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती हद्द न बघता कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. बेंगळुरू वाहतूक पोलिसांचे अ‍ॅप बेंगळुरूसाठी आहे, त्यावर इथले व्हिडिओ टाकत बसू नका.

तक्रार लिहिणे: इथेच सगळे बिघडते

व्हिडिओ स्वच्छ, नंबर स्वच्छ, आणि तरी कागद वायफळ, असे वारंवार होते. कारण लोक राग लिहितात. 'बेदरकारपणे', 'जिवावर बेतले असते', 'अशा लोकांना धडा शिकवावा' असल्या वाक्यांतून फौजदाराला कारवाईसाठी काहीच हाती लागत नाही. त्याला हवे असते: कोण कुठून कुठे जात होते, कोण कुठे होते, गाडीने नेमके काय केले, त्यानंतर काय झाले.

दुसरी चूक आकड्याची. परदेशातले वाचून लोक 'दीड मीटर अंतर न ठेवल्याने' असे लिहितात. आपल्या मोटार वाहन कायद्यात सायकलला ओव्हरटेक करताना ठेवायच्या अंतराचा मीटरमधला आकडा नाही. जे आहे ते कलम १८४: धोकादायक वाहन चालवणे. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे हे त्यात नावानिशी आले आहे. पहिल्या वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे अंतराइतकेच ओव्हरटेक कशा परिस्थितीत केले तेही लिहायला हवे: समोरून वाहन येत होते का, वळण होते का, पूल होता का, पुढे जाऊन डावीकडे दाबले का.

असे लिहा:

'दि. … रोजी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मी सायकलवरून तिसऱ्या रेल्वे गेटकडून उद्यमबागकडे जात होतो. रस्त्याच्या डाव्या कडेपासून साधारण तीन फूट आत होतो. मागचा लाल दिवा चालू होता. समोरून बस येत असताना मागून पांढरा मालवाहू टेम्पो, क्रमांक …, माझ्या उजवीकडून पुढे गेला. त्याचा डावा आरसा माझ्या उजव्या हातापासून अंदाजे एक फुटावरून गेला. पुढे जाताच त्याने टेम्पो डावीकडे घेतला. मला ब्रेक मारून डांबराखाली उतरावे लागले. व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये देत आहे. प्रकार … मिनिट … सेकंदाला दिसतो. मूळ कार्ड माझ्याकडे आहे.'

बस, एवढेच. कलमे तुम्ही घालू नका. चुकीचे कलम लिहिले की चर्चा कलमावर जाते. नुसता कट असेल तर साधारणपणे मालकाला नोटीस जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकाला बंधनकारक आहे. धक्का लागून इजा झाली असेल तर मात्र एफआयआरचाच आग्रह धरा. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ येतात.

नंबर लिहिण्याआधी सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकून बघा, त्यात गाडीचा प्रकार दिसतो. तुम्ही टेम्पो म्हणता आणि अ‍ॅप स्कूटर दाखवत असेल तर एखादा आकडा चुकला आहे. व्हिडिओ फ्रेमगणिक पुन्हा पाहा. मालकाचे नाव शोधून त्याच्या दारात जाऊ नका.

आता भाषा. ठाण्याचे कामकाज कन्नडात चालते. मराठीत लिहिलेला कागद हातात देऊन 'तुम्हीच समजून घ्या' म्हटलेत तर कोणीतरी त्याचा तोंडी सारांश दुसऱ्याला सांगतो, तिसरा तो कन्नडात टाइप करतो, आणि डावे उजवे होऊन जाते. हा भाषेच्या वादाचा मुद्दा करायची ही जागा नाही, इथे तुमची केस पडते. आधी मराठीत लिहा, मग कन्नड चांगली येणाऱ्याकडून ओळीला ओळ लावून कन्नड करून घ्या, आणि दोन्ही जोडा. वर 'दूरु' लिहिलेले असेल, म्हणजे तक्रार.

एफआयआर झाला तर सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगा. लिहून घेतलेली माहिती वाचून दाखवणे आणि प्रत फुकट देणे, दोन्ही त्याच कलम १७३ मध्ये आहे. ऐकताना चार शब्दांवर कान ठेवा. 'हिंदिनिंद' म्हणजे मागून. तो नसेल तर समोरासमोरचा प्रकार वाटू शकतो. 'एडक्के' डावीकडे, 'बलक्के' उजवीकडे. सायकल 'बलक्के' वळली असे कुठे आले असेल तर तिथेच थांबवा, कारण मग चूक तुमची ठरते. आणि 'निर्लक्ष्यतन', म्हणजे निष्काळजीपणा, हा शब्द ड्रायव्हरच्या नावापुढे आहे ना, ते बघा. दुरुस्ती सहीआधी पाच मिनिटांची असते, सहीनंतर महिन्यांची.

व्हिडिओ देताना

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ पाठवू नका, तो दाबला जातो आणि पाटी वाचता येत नाही. पेनड्राइव्हवर पूर्ण फाइल द्या, कापलेला तुकडा नको. कटच्या आधीचे निदान दोन मिनिटे असू द्या, म्हणजे तुम्ही सरळ चालला होता हे दिसते. मूळ कार्ड काढून पाकिटात ठेवा, वर तारीख लिहा, कॅमेऱ्यात नवे कार्ड घाला. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहायचा असतो, आणि फाइल पुन्हा सेव्ह केली की हॅश बदलू शकतो.

रस्त्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी जा. डिस्क भरली की जुने पुसले जाते, आणि किती दिवसांनी ते दुकानदारालाही माहीत नसते. तो कॉपी द्यायला कां-कू करत असेल तर वाद घालू नका. दुकानाचे नाव आणि कॅमेऱ्याचा रोख तक्रारीत लिहून पोलिसांनी फुटेज मागवावे अशी विनंती करा.

नंतर

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही. पंधरा दिवसांनी ती घेऊन पुन्हा जा. 'काही करता येत नाही' असे उत्तर आले तर 'हिंबरह' मागा, म्हणजे लेखी शेरा. तो मागितला की बऱ्याचदा फाइल पुन्हा उघडली जाते. एफआयआर नाकारला असेल तर शहरात आयुक्तांकडे, जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी, पोस्टाने, पोच जोडून. त्यानंतरही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, त्यासाठी मात्र वकील धरा.

शाळेची बस, कारखान्याची गाडी किंवा वडाप (प्रवासी वाहतुकीची खाजगी गाडी) असेल तर मालकालाही प्रत पाठवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोलीस अशा ड्रायव्हरचे लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात, आणि रोज त्याच रस्त्यावर धावणाऱ्या ड्रायव्हरला दंडापेक्षा ते जास्त लागते.

तक्रार क्रमांक, दंडाची माहिती आणि पोच एका वहीत तीन वर्षे जपून ठेवा. त्याच ड्रायव्हरने तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर कलम १८४ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि तो पहिला नाही हे दाखवायला जुना क्रमांक लागतो.